शेतातली बंदूक आणि कमरेचा कट्टा: शस्त्र कायदा गुन्हेगारीला किती आवर घालतो?

स्थानिक गुन्हे शाखेच्या प्रेसनोटमध्ये दर आठ-पंधरा दिवसांनी एक ओळ हमखास असते: एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त, संशयित ताब्यात. त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत एखादा शेतकरी सातबारा आणि रानडुकरांनी लोळवलेल्या मक्याचे फोटो घेऊन बंदुकीच्या परवान्यासाठी हेलपाटे मारत असतो. एकाला कागदाशिवाय शस्त्र मिळालेलं असतं, तर दुसऱ्याला कागद असूनही मिळत नाही.

बंदुकांवर कडक बंधनं घातली तर गुन्हे कमी होतात का, हा वाद जगभर आहे. अमेरिकेत त्यावर निवडणुका लढवल्या जातात. आपल्याकडे तो तसा जाहीरपणे होत नाही. पण एखादा गोळीबार झाला, एखाद्या पुढाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल दिसलं किंवा बिबट्याने गावात माणूस मारला, की तो वेगळ्या भाषेत पुन्हा सुरू होतो. कोणी म्हणतं परवाने बंद करा, कोणी म्हणतं शेतकऱ्याला बंदूक द्या. या दोन्ही मागण्यांमागे काय आहे, कायदा काय सांगतो आणि गुन्ह्यांशी त्याचा संबंध कितपत लागतो, याची ही माहिती.

कायदा आला कुठून?

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने देशी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. त्याचं पक्कं रूप म्हणजे लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्र कायदा. भारतीयांना परवान्याशिवाय शस्त्र ठेवता येत नव्हतं, युरोपीय लोकांना मात्र सूट होती. या भेदभावावर राष्ट्रीय सभेने वारंवार आवाज उठवला, गांधीजींनीही त्यावर कठोर टीका केली.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. माणसामाणसातला भेद गेला, पण गाभा तोच राहिला. भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे, त्यामुळे तिथला वाद हक्कावरून होतो. आपल्याकडे तो परवाना कोणाला दिला, कोणाला नाकारला यावरून होतो.

पुढे २०१६ मध्ये नवे शस्त्र नियम आले. २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. एका व्यक्तीला तीनऐवजी जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतील असं ठरलं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि बेकायदा शस्त्रांच्या शिक्षा वाढल्या.

एका गटाला आजही वेगळी सूट आहे. कर्नाटकातल्या कोडगू म्हणजे कूर्ग भागात कोडव समाज आणि जम्मा जमीनधारक यांना इंग्रजांच्या काळापासून परवान्याशिवाय काही प्रकारच्या बंदुका ठेवता येतात. केंद्राने ही सूट २०२९ पर्यंत वाढवली आहे.

परवाना मिळतो कसा?

ग्रामीण भागात परवाना देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात तो आयुक्तांकडे असतो. अर्ज आल्यावर संबंधित पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. अर्जदारावर गुन्हे आहेत का, त्याला खरोखर धोका आहे का, गावात त्याचं वागणं कसं आहे, हे त्यात पाहिलं जातं. शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही लागतो.

कायद्यातल्या काही गोष्टी अर्जदारांना सहसा कोणी सांगत नाही:

- परवान्यासाठी वय २१ वर्षं पूर्ण हवं.
- हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला ठरावीक काळ परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचा बाँड घेतलेल्यालाही त्या मुदतीत मिळत नाही.
- अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.
- परवाना नाकारला तर कारण लेखी नोंदवावं लागतं. सार्वजनिक हिताच्या कारणाने ते सांगणं टाळण्याची मुभा आहे, पण नेहमीच्या प्रकरणात अर्जदार ते मागू शकतो. नकाराविरुद्ध अपील करता येतं.
- परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवता येत नाही. वारसांनी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो.

अनेक गावांत आजोबांची बंदूक माळ्यावर पडून असते आणि परवाना मात्र कधीच संपलेला असतो. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. कायद्याच्या लेखी ते बेकायदा शस्त्रच आहे.

एअरगनचाही असाच गोंधळ होतो. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरची आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेली एअरगन ठेवायला परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या बोअरची किंवा जास्त ताकदीची असेल तर लागतो.

शेतकऱ्याची बंदूक

पिकाच्या राखणीसाठी बंदूक ही कायद्याला मान्य असलेली गरज आहे. खऱ्याखुऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरेशी नाही असं वाटलं तर काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूकही देता येईल, अशी तरतूद अधिनियमातच आहे. कोकणात अशा बंदुका पूर्वापार आहेत. खानदेश, विदर्भ, मराठवाड्यात रानडुकरं आणि रोही यांचा उपद्रव वाढला तशी तिथूनही मागणी वाढली.

शेतकऱ्याचं म्हणणं साधं आहे. कर्ज काढून पेरायचं, रात्ररात्र माळ्यावर जागायचं आणि कळप आला की नुसते फटाके वाजवायचे, हे किती दिवस चालणार? नुकसानभरपाईसाठी पंचनामा, मग कार्यालयात खेपा. त्यापेक्षा एक बंदूक बरी.

पण इथे दोन वेगळे परवाने आहेत आणि लोक ते एकच समजतात. बंदुकीचा परवाना म्हणजे बंदूक ठेवण्याची परवानगी. प्राणी मारायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वन विभागाची वेगळी परवानगी लागते. रानडुक्कर आणि रोही पिकाचं नुकसान करत असतील तर अशी परवानगी देण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे. मारलेला प्राणी वन विभागाच्या ताब्यात द्यावा लागतो, तो खाता किंवा विकता येत नाही. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला आहे, त्याला पीक किंवा जनावरं राखण्यासाठी मारता येत नाही. अंगावर आलेल्या प्राण्यापासून जीव वाचवताना तो मारला गेला, तर ते कायद्याने गुन्हा धरलेलं नाही. मात्र प्रामाणिक स्वसंरक्षण होतं हे चौकशीत टिकावं लागतं.

परवाना मिळाला नाही की काही जण भलते मार्ग धरतात. कुंपणाच्या तारेत वीज सोडणं आणि डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवणं हे त्यातले दोन. या तारेला चिकटून प्राण्यांबरोबर शेजारचा शेतकरी किंवा पाणी धरायला निघालेला सालगडीही मरतो. बंदूक नाकारल्यामुळे गाव सुरक्षित झालं, असं मग म्हणता येत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. रात्रीच्या अंधारात, झुडपात हालचाल दिसली म्हणून झाडलेली गोळी माणसाला लागते. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्या टोळीतल्या एकाने आपल्याच सोबत्याला डुक्कर समजून गोळी घातली आणि बाकीच्यांनी प्रेत लपवलं, असा प्रकार उघडकीस आला. शेतसंरक्षणाच्या नावावर घेतलेली बंदूक शिकारीला वापरली जाणं हीही नवी गोष्ट नाही. म्हणून परवाना देताना शेत कुठे आहे, नुकसान खरोखर होतं का आणि बंदूक कोणाच्या हातात राहणार, हे पाहावंच लागतं.

कट्टा येतो कुठून?

चोपडा तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत उमर्टी नावाची दोन गावं आहेत. नदीच्या अलीकडचं महाराष्ट्रात, पलीकडचं मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यात. पलीकडच्या उमर्टीचं नाव गेली अनेक वर्षं गावठी पिस्तुलांच्या गुन्ह्यात येत आहे. रावेर आणि जळगाव जामोदच्या पलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी हेही असंच एक नाव. पूर्वेकडे बिहारमधलं मुंगेर त्याहून जुनं. अठराव्या शतकात नवाब मीर कासिमने तिथे शस्त्रनिर्मिती सुरू केली आणि ती कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

उमर्टी आणि पाचोरीतल्या कारागिरांपैकी बरेच शिकलीगर समाजाचे. हत्यारांना पाणी देणं, धार लावणं, लोखंड घडवणं हा त्यांचा परंपरेचा धंदा. राजे-रजवाडे गेले, हत्यारांची कायदेशीर मागणी संपली, शेतजमीन हाताशी नव्हती. कढया, कुलपं, विळे करून पोट भरेना तेव्हा काही जण या धंद्यात शिरले. सगळ्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारणं चूक आहे. पण नुसत्या धाडी घालून हा धंदा बंद झालेला नाही, हेही दिसतंय. भट्टी मोडली तर महिन्याभरात दुसरीकडे पेटते, कारण हातातलं कसब तेवढंच आहे आणि गिऱ्हाईक थांबलेलं नाही.

सीमेची अडचण वेगळीच. गुन्हा महाराष्ट्रात दाखल होतो, माल मध्य प्रदेशातून आलेला असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये चोपडा तालुक्यातून पलीकडे कारवाईला गेलेल्या पोलीस पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला पळवून नेण्यात आलं, नंतर त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी शहरात सापडलेल्या पिस्तुलांचा माग काढत उमर्टीत जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्यात गोळी झाडली जाते आणि तिचा धागा सातपुड्यातल्या एका पाड्यापर्यंत जातो, तो असा.

बंदूक भट्टीत होते, काडतूस कारखान्यात

कट्ट्याची नळी साध्या पाइपातून किंवा गाडीच्या भंगारातून होते. कुशल कारागीर मॅगझिनचं पिस्तूलही घडवतो. काडतुसाचं तसं नाही. त्यातली टोपी, दारू आणि पितळी कवच मोजूनमापून एकसारखं लागतं. आपल्याकडे नागरी वापराची काडतुसं मुख्यतः सरकारी दारूगोळा कारखान्यांत तयार होतात, त्यात पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याचं नाव जुनं आहे. ती परवानाधारक दुकानातून परवान्यावर नोंद करून विकली जातात.

म्हणजे कमरेला बेकायदा कट्टा असला तरी त्यात भरलेलं कारखान्याचं काडतूस बहुतेक वेळा कुठून तरी कायदेशीर साखळीतूनच निसटलेलं असतं. कोणाच्या तरी परवान्यावर ती उचलली गेली, वापरली असं दाखवलं गेलं आणि बाहेर विकली गेली. गावोगावची प्रत्येक भट्टी शोधणं अवघड आहे. दुकानाची वही, परवान्यावरची खरेदी आणि परत केलेल्या रिकाम्या पुंगळ्या यांचा मेळ घालणं त्यामानाने सोपं. मात्र जप्तीच्या बातमीत कट्ट्याचा फोटो येतो आणि काडतूस कुठून आलं हा प्रश्न बातमीत आणि कधीकधी तपासातही मागेच राहतो.

परवान्याचं शस्त्र आणि गुन्हा

परवाना असलेला माणूस गुन्हा करत नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०२४ च्या एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. उल्हासनगरमध्ये जमिनीच्या वादातून थेट पोलीस ठाण्याच्या केबिनमध्ये गोळीबार झाला, त्यात तत्कालीन आमदारावर गुन्हा दाखल झाला आणि वापरलेलं शस्त्र परवान्याचं होतं. काही दिवसांतच दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण सुरू असताना हत्या झाली. तिथे मारेकऱ्याने आपल्या अंगरक्षकाचं परवान्याचं पिस्तूल वापरलं. अंगरक्षकाचा परवाना उत्तर प्रदेशातला होता.

बीडचं उदाहरण याहून वेगळं आहे. केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून त्यांची हत्या झाली. त्यात बंदूक वापरली गेली नव्हती. तरीही या हत्येनंतर बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने हा मोठा प्रश्न झाला. कमरेला पिस्तूल लावलेले फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ लोकांसमोर आले. एका जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने, त्यात गुन्हे दाखल असलेल्यांचीही नावं, हे उघड झालं आणि प्रशासनाला शंभरावर परवाने रद्द करावे लागले.

गोळी न झाडताही बंदूक काम करते, हे बीडमध्ये दिसलं. ग्रामसभेत, बाजार समितीत किंवा वाळूच्या घाटावर एकाच्या कमरेला पिस्तूल दिसलं की समोरच्याचा आवाज आपोआप खाली येतो. तक्रार होत नाही, गुन्हा नोंदला जात नाही. गुन्ह्यांच्या आकडेवारीत ही दहशत कुठेच दिसत नाही.

परराज्यातल्या परवान्यांचीही मोठी भानगड आहे. जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या दोन लाखांहून अधिक परवान्यांची चौकशी सीबीआयकडे गेली. अपात्र लोकांना पैसे घेऊन परवाने दिल्याचा आरोप त्यात आहे. म्हणूनच आता प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय डेटाबेसमधला यूआयएन क्रमांक सक्तीचा आहे. सोसायटी, बँक किंवा पेट्रोल पंपावर बंदूकधारी रक्षक ठेवताना हा क्रमांक पाहून घेणं मालकाच्याच फायद्याचं.

शिक्षा काय?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मुख्य शिक्षा अशा आहेत:

- बेकायदा बंदूक बनवणं, विकणं: किमान ७ वर्षं ते जन्मठेप.
- परवान्याशिवाय बंदूक बाळगणं (पोलिसांच्या भाषेत ३/२५): किमान २ ते कमाल ५ वर्षं आणि दंड.
- प्रतिबंधित प्रकारचं शस्त्र बाळगणं: ७ ते १४ वर्षं.
- पोलीस किंवा सैन्याकडून शस्त्र हिसकावणं: १० वर्षं ते जन्मठेप.
- लग्न, मिरवणुकीत आनंदाच्या भरात किंवा बेफिकीरपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणं: २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- परवान्याच्या अटीचा भंग: ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

शेवटची तरतूद इतरांच्या मानाने फारच सौम्य आहे. परवान्याचं पिस्तूल चौकात मिरवणाऱ्याला खरी भीती शिक्षेची नसते, ती परवाना रद्द होण्याची असते. त्यामुळे रद्द करण्याचा अधिकार वापरला गेला नाही तर हा नियम कागदावरच राहतो.

शिक्षा वाढल्या म्हणून दोषी ठरण्याचं प्रमाण आपोआप वाढत नाही. परवान्याशिवाय बंदूक बाळगल्याच्या गुन्ह्यात खटला चालवायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती वेळेत घेतली नाही, पंच फितूर झाले, जप्त शस्त्र चालू स्थितीत होतं असा प्रयोगशाळेचा अहवाल आला नाही, यातल्या एकाही कारणाने आरोपी सुटतो. आणि सुटलेला आरोपी गावात आला की त्याचा दरारा दुप्पट होतो.

कोयत्याचं कलम वेगळं आहे, ४/२५. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रात मोडतात. शेती आणि घरकामाच्या हत्यारांना सूट आहे. ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता अवजार आहे, तोच टोळक्याच्या हातात दहशतीचं हत्यार होतो. राज्यातल्या मारामाऱ्या आणि खुनांत कोयता, सुरा, दांडके नेहमी दिसतात, हे बंदुकीच्या वादात विसरून चालत नाही.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय गृह खात्याच्या माहितीनुसार २०१६ अखेर देशात सुमारे ३३ लाख ७० हजार शस्त्र परवाने होते. उत्तर प्रदेशात पावणेतेरा लाखांच्या वर, पंजाबात सुमारे ३ लाख ६० हजार, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार आणि बिहारमध्ये ८२ हजारांच्या आसपास.

एनसीआरबीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी २८ हजार ५२२ खुनांचे गुन्हे नोंदले गेले. त्यात उत्तर प्रदेश ३,४९१, बिहार २,९३०, महाराष्ट्र २,२९५. वर्षं वेगळी असली तरी एक गोष्ट दिसते. बिहार आणि महाराष्ट्र यांची लोकसंख्या जवळपास सारखी, परवानेही जवळपास सारखे, पण बिहारमध्ये खून सहाशेच्या वर जास्त. उलट उत्तर प्रदेशात महाराष्ट्राच्या पंधरापट परवाने असूनही लोकसंख्येच्या मानाने खुनांचं प्रमाण महाराष्ट्रापेक्षा जास्त नाही. म्हणजे नुसत्या परवान्यांच्या संख्येवरून गुन्हेगारीचा अंदाज बांधता येत नाही.

खरा डोंगर कागदाबाहेर आहे. स्मॉल आर्म्स सर्व्हे या स्वित्झर्लंडमधल्या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७ कोटी १० लाख बंदुका होत्या आणि त्यातल्या एक कोटीहून कमी नोंदलेल्या होत्या.

आणखी एक आकडा महत्त्वाचा. २०२२ च्या खुनांपैकी जवळपास दहा हजारांचं कारण 'वाद' असं नोंदलं आहे. बांध, पाणी, रस्ता, भाऊबंदकी यांसारखे वाद त्यात येतात. असे खून बहुतेक वेळा ठरवून होत नाहीत. राग आला तेव्हा हाताशी काय होतं, यावर ते ठरतं. काठी असेल तर डोकं फुटतं, बंदूक असेल तर माणूस जातो. बंदुका सहज मिळू नयेत या मताचा सगळ्यात भक्कम आधार हाच आहे.

बाहेरचा अनुभव

ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे एकाने ३५ जणांना गोळ्या घातल्या. त्यानंतर सरकारने नियम कडक केले आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. पुढच्या वर्षांत बंदुकीने होणारे मृत्यू, त्यातही आत्महत्या, बऱ्याच घटल्या. ही घट आधीपासूनच सुरू होती असं काही अभ्यासक म्हणतात, त्यामुळे श्रेय किती द्यायचं यावर वाद आहे.

अमेरिकेत नागरिकांकडे माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि तिथल्या दर पाचपैकी साधारण चार खून बंदुकीने होतात. जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने १९९८ मध्ये, लोकांकडे शस्त्र असेल तर गुन्हेगार कचरतात, असं पुस्तक लिहून मांडलं. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने सगळे अभ्यास तपासले, तेव्हा उपलब्ध पुराव्यांवरून तसा निष्कर्ष काढता येत नाही असं म्हटलं.

जपानमध्ये जगातले अत्यंत कडक नियम आहेत आणि बंदुकीचे खून नगण्य आहेत. तरीही ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या घरी बनवलेल्या बंदुकीने झाली. कडक कायद्याने बंदुकीचे मृत्यू फार कमी होतात, पण घरगुती शस्त्राचा धोका उरतोच. जपानमध्ये असा माणूस अपवाद असतो. आपल्याकडे त्याचा बाजार आहे.

मग करायचं काय?

परवाने सरसकट बंद करणं आणि सरसकट वाटणं, या दोन्हींतून गुन्हेगारी कमी होईल असं दिसत नाही. कार्यालयाच्या खिडकीपर्यंत येणाऱ्या माणसावर कायद्याची पकड आहे. कट्टा घेणारा त्या खिडकीपाशी येतच नाही. त्याच्यासाठी दोन्ही राज्यांच्या पोलिसांची एकत्र कारवाई, काडतुसांचा हिशेब, कोर्टात टिकणारा तपास आणि भट्टीवरच्या हातांना दुसरं काम लागतं. परवानाधारकांची छाननी निवडणुकीपुरती न राहता दरवर्षी व्हायला हवी. सध्या आचारसंहिता लागली की छाननी समिती बसते, ज्यांच्याकडून धोका वाटतो त्यांची शस्त्रं जमा होतात आणि निकालानंतर परत जातात. ज्याच्याकडून निवडणुकीत धोका वाटतो, त्याच्याकडे एरवी शस्त्र का असावं, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

शेतकऱ्याच्या अर्जाला मुदतीत लेखी उत्तर मिळणं हाही याच व्यवस्थेचा भाग आहे. हो म्हणायचं असेल तर हो, नाही म्हणायचं असेल तर कारणासह नाही. उत्तरच मिळालं नाही, तर माणूस कुंपणात वीज सोडतो किंवा सातपुड्याची वाट विचारतो.

गावकऱ्यांनी लक्षात ठेवायचं

- घरात जुनी बंदूक असेल आणि परवाना संपला असेल तर लपवू नका. ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्या.
- बंदूक आणि काडतुसं वेगवेगळी, कुलुपात ठेवा. मुलांच्या किंवा नोकराच्या हाती देऊ नका.
- शस्त्र चोरीला गेलं किंवा हरवलं तर लगेच तक्रार द्या. उशीर झाला तर पुढच्या गुन्ह्यात पहिलं नाव तुमचं येतं.
- लग्नात, वरातीत हवेत गोळीबार करू नका, इतरांनाही करू देऊ नका. वर गेलेली गोळी खाली येतेच.
- कट्ट्यासोबत फोटो किंवा स्टेटस ठेवणाऱ्या पोरांना वेळीच समज द्या. शस्त्र खरं असेल तर त्या फोटोवरूनच तपास सुरू होतो आणि ३/२५ चा गुन्हा नोकरी, पोलीस भरती, पासपोर्ट सगळीकडे आडवा येतो.
- बेकायदा शस्त्राची माहिती असेल तर ११२ वर कळवा.